तंबू दुसऱ्या ओळीत

आमच्या स्वयंपाकघरात भाकरीचे दोन आवाज होते. मम्मी भाकरी थापायची ती झटझट, काटवटीवर तळहात एकसारखे पडत राहायचे. काकीची थाप सावकाश, मध्येच दम खाणारी, जणू प्रत्येक भाकरीला काहीतरी विचारून मग पुढे जायचं. शाळेच्या बसमधून उतरून पायरीवर बूट काढता काढता मला कळायचं की आज चुलीपुढे कोण आहे. काकी असली तर मी दप्तर तसंच टाकून आत जायची. मग ती पिठाच्या हातानेच माझ्या पाठीला कोपर टेकवून म्हणायची, “जेवलीस का तितं, का डबा तसाच आणला?” डबा तसाच असायचा. ती तव्यावरची भाकरी माझ्या पुढ्यात टाकायची, तिच्यावर ठेचा आणि तेलाची धार. माझ्या वेण्या दहावीपर्यंत तिनेच घातल्या. मम्मीला वेळ नसायचा आणि काकीला होता असं नाही, पण काकी वेळ काढायची आणि त्याबद्दल कधी बोलायची नाही.

घर ताम्हिणीला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा खाली, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. वर रस्त्याकडेला पप्पांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या रूम. खाली पाण्याच्या कडेला माझ्या काकांनी, म्हणजे सुदामकाकांनी, उभारलेले तंबू. मध्ये घर, आणि त्या घराच्या एकाच चुलीवर आमचं आणि सगळ्या पाहुण्यांचं जेवण. पप्पा थोरले, काका धाकटे. शनिवारी दुपारपासून पुण्याच्या, हिंजवडीच्या गाड्या उतारावरून खाली यायला लागल्या की मम्मी आणि काकी एकमेकींकडे न बघता कामं वाटून घ्यायच्या. एकीच्या हातात रश्शाचं पातेलं, दुसरीच्या हातात आंबेमोहोराच्या भाताचं. पाहुणे वास घेत आत डोकवायचे आणि विचारायचे, “हे कोणी केलंय?” दोघी एकमेकींकडे बोट दाखवायच्या.

वाटणी हा शब्द तेव्हा घरात कुणी उच्चारत नव्हतं. पण काकांनी तंबूंजवळ एक वेगळा गॅस आणून ठेवला होता. “पाव्हण्यांना सकाळी चहा लागतो, दर वेळंला वर कोण येणार,” असं ते म्हणाले आणि पप्पा “बरोबर हाय” म्हणाले. मग काही दिवसांनी गॅसशेजारी एक कढई आली. मग मसाल्याचा डबा. मी रोज संध्याकाळी पाण्याकडे जायची तेव्हा त्या फळीवर नवीन काय आलं ते बघून यायची आणि कुणाला सांगायची नाही. त्या वर्षांत मला घरात एकच गोष्ट हवी होती, आमची चूल दोन जागी पेटू नये. काकीला सोडून त्या स्वयंपाकघराची मला कल्पनाच करता येत नव्हती. ही इच्छा बोलून दाखवण्याची जागा कुठे आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

बोलणं हे माझं काम नव्हतंच. पप्पांनी मला पिरंगुटच्या बाजूला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे माझं मराठी गावठी ठरायचं आणि इंग्रजी कच्चं. घरी आले की मी ‘विंग्लिश मिडियमवाली’. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. गप्प मुलगी समोर बसलेली असली तरी घरातली माणसं तिला विसरतात आणि बोलतात. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी कळायच्या, ज्यांचं पुढे काय करायचं ते मात्र कळायचं नाही. आता मी दिवसभर स्क्रीनपुढे बसून पगार घेते आणि मीटिंगमध्ये बऱ्यापैकी बोलते. तरी गावी गेले की तशीच होते. उंबऱ्याच्या आत पाय पडला की शब्द मागे राहतात.

पंगतीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे जत्रेचा भंडारा असो, साखरपुडा असो की घरातली पूजा, पहिल्या पंगतीला थोरले आणि मानाची माणसं बसतात. धाकटे भाऊ वाढतात. वाढणाऱ्यांनी मग उरलेल्यांबरोबर, बायकापोरांबरोबर, दुसऱ्या पंगतीला बसायचं. यात कुणी कुणाचा अपमान करत नाही, असंच चालत आलंय. पण सुदामकाकांना भाऊ एकच आणि तोही थोरला, त्यामुळे ते हातात आमटीची बादली धरता यायला लागल्यापासून वाढतच होते. त्यांच्यानंतर बादली घ्यायला घरात कुणी जन्मलंच नाही. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, केस पांढरे झालेले, आणि भावकीतली त्यांच्याहून लहान माणसं पत्रावळीवरून हात वर करून म्हणायची, “सुदामा, हिकडं भात.” काका हसत हसत यायचे. ते हसायचे हे सगळ्यांनी बघितलं होतं. बादली खाली ठेवल्यावर ते मनगट चोळायचे, तेही दिसायचं, पण त्यासाठी थांबावं लागायचं.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. एका पाहुण्याने पप्पांना त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका रिसॉर्टची वेबसाइट दाखवली. पप्पांनी ती बराच वेळ अंगठ्याने वर-खाली केली आणि म्हणाले, “आपली पन पाहिजे. ऋतू करंल.” मला वेबसाइट येत नव्हती. कॉलेजात जे शिकवलं ते परीक्षेत लिहिण्यापुरतं. पण पप्पांना नाही म्हणण्यापेक्षा वेबसाइट शिकणं मला सोपं वाटलं.

गच्चीवर, टाकीच्या बाजूला, मोबाइलला रेंज यायची. तिथे सतरंजी टाकून मी व्हिडिओ बघून शिकले. बाकी सगळं होत गेलं. फोटो टाकले, रंग दिले, रूमचं पान झालं. अडलं ते अगदी वरच्या नावांच्या पट्टीशी, जिच्यावर बोट ठेवून आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. ही पट्टी मुळात यादी असते आणि यादी जन्मतः उभी असते, एकाखाली एक, उतरंडीतल्या मडक्यांसारखी. ती नावं शेजारी शेजारी बसवायची तर तसं लिहून सांगावं लागतं. एक जुनी पद्धत होती, प्रत्येक नावाला डावीकडे सरकवून ठेवायची. तशी ठेवली की खालचा मजकूर वर चढून त्यांना चिकटायचा. दुसऱ्या पद्धतीत नावं ओळीत यायची, पण मध्ये मी न दिलेल्या फटी पडायच्या. दोन दिवस मी त्या फटी शोधत होते. शेवटी कळलं, माझ्या लिहिण्यात दोन नावांमध्ये जी कोरी जागा सुटली होती तीच तिथे दिसत होती. तिसरी पद्धत नवी आणि शहाणी. ती सगळ्या नावांना एका ओळीत घेते आणि जागा स्वतःच वाटते. तिचं नाव फ्लेक्स. आमच्या तालुक्यात फ्लेक्स म्हणजे चौकातला वाढदिवसाचा बोर्ड, ज्यावर कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा कोपऱ्यात यावरून माणसं वर्षभर एकमेकांच्या दारात जात नाहीत. म्हणून घरात मी ते नाव काढलं नाही.

पप्पांना नावं मराठीत हवी होती. “आपल्याला वाचता आलं पाहिजे, मंग लोकांना.” मी लिहिली: होम, रूम, जेवण, शिवार, तंबू, संपर्क. बहुतेक पाहुणे आधी रूमबद्दल विचारतात म्हणून रूम आधी. संपर्क सगळीकडे शेवटी असतो म्हणून शेवटी. शिवार म्हणजे पाहुण्यांना भाताची खाचरं दाखवायची फेरी, तिचं पान आधी तयार झालं म्हणून ती तंबूच्या आधी. एवढाच विचार होता. सगळी नावं एका ओळीत अशी बसली की मी गच्चीवर एकटीच थोडी हसले. जागा कमी पडली तर शेवटची नावं खालच्या ओळीत जाऊ द्यावीत, असंही मी लिहून ठेवलं. व्हिडिओतल्या माणसाने तसंच सांगितलं होतं, म्हणजे काही कापलं जात नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी पप्पांनी सत्यनारायण घातला. भावकी जेवायला होती. पूजा झाल्यावर पप्पांनी मला लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायला लावली आणि पहिली पंगत बसलेली असताना पडवीतल्या टीव्हीवर आमची वेबसाइट लागली. टीव्हीवर पट्टी सुरेख दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. पप्पा पाटावर बसून एकेका पानाचं नाव सांगत होते आणि मी ते उघडत होते. काका बादली घेऊन फिरत होते. तंबूचं पान उघडलं तेव्हा ते टीव्हीपुढे थांबले. पाण्याकडेला उभे असलेले ते स्वतःच त्यात होते. “लई भारी काढलाय गं फोटो,” ते म्हणाले. आमटी थोडी सांडली. पप्पा म्हणाले, “सुदाम, तात्यांना भात बघ.”

तात्या म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ. त्यांच्या बोलण्यात काटा असायचा, पण तो टोचल्यावरच कळायचा. पहिली पंगत उठली. काकांनी हात धुतले आणि दुसऱ्या पंगतीला बायकापोरांबरोबर बसले. बसल्या बसल्या खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला वेबसाइटचं नाव विचारलं, ती उघडली आणि फोन हात लांब करून धरला. तात्या सुपारी कातरत मागे उभे होते. ते वाकले.

“कुटं हाय तुझा तंबू? होम, रूम, जेवण, शिवार... हां, ह्यो बघ खाली.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सुदामा, लेका, हितंबी दुसऱ्याच पंगतीला व्हय?”

पडवी हसली. काकाही हसले. पप्पा हात पुसत होते, तेही हसले, कारण विनोद चांगला होता. मी भिंतीशी वायर हातात धरून उभी होते. काकांच्या फोनवर पट्टीच्या दोन ओळी झाल्या होत्या. वर चार नावं, खाली तंबू आणि त्याच्या सोबतीला संपर्क. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की जागा पुरली नाही म्हणजे शेवटची नावं खाली उतरतात, त्यात कुणाचं काही नसतं. ते वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत येईपर्यंत हसू ओसरलं होतं आणि काकांनी जिलेबी तशीच ठेवून पत्रावळ दुमडली होती. आज मला वाटतं, वाक्य वेळेवर आलं असतं तरी कुणाच्या काही ध्यानात राहिलं नसतं. तात्यांचं वाक्य मात्र राहण्यासारखंच होतं. गावात ते पुढे कितीतरी दिवस चाललं.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याकडे गेले. काका तंबूच्या दोऱ्या ताणत होते. मी त्यांचा फोन मागितला. माझ्या फोनवर, पप्पांच्या फोनवर, टीव्हीवर पट्टी एकाच ओळीत होती, यांच्याच फोनवर का नाही ते मला बघायचं होतं. उघडल्याबरोबर दिसलं. फोनमधली सगळी अक्षरं त्यांनी होतील तेवढी मोठी करून ठेवली होती. नावं मोठी झाली, ओळ पुरली नाही, दोन खाली उतरली. काकांना जवळचं दिसत नव्हतं आणि त्यांनी ते घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

“काका, तुमच्या फोनची अक्षरं मोठी आहेत, म्हणून असं झालंय,” मी म्हटलं.

“म्हंजी माझ्या फोनची चूक.”

“चूक नाही. बाकी सगळ्यांच्या फोनवर वरच दिसतंय.”

“बाकी सगळ्यांच्या,” ते म्हणाले आणि खुंटीवर दगड मारला. “माझ्याच फोनवर मी खाली. आसूं दे गं. तू लहान हायेस, तुला कोण बोलतंय.”

मला कुणी बोललं नाही हेच खरं. कुणी रागावलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं. मी वर येऊन कामाला लागले, कारण तेवढं एकच माझ्या हातात होतं. आधी नावांची अक्षरं लहान केली. ओळ एक झाली, पण काकांना ती वाचता येईना. फोन नाकाशी नेऊन, मग लांब नेऊन ते म्हणाले, “मुंग्या लावल्यात का?” मग मी लिहून टाकलं की काही झालं तरी खाली उतरायचं नाही, सगळ्यांनी एकाच ओळीत राहायचं आणि मावलं नाही तर ओळ बोटाने बाजूला सरकवायची. तसं केल्यावर काकांच्या फोनवर तंबू दिसेनासाच झाला. तो होता, पण पडद्याच्या उजव्या कडेच्या पलीकडे. बोट ठेवून ओढला की यायचा. “आरं वा,” काका म्हणाले, “पयल्यांदा निदान दुसऱ्या पंगतीला तरी होतो.” मग मी सगळी पट्टीच एका बटणाखाली झाकली, तीन आडव्या रेघांच्या. बटण दाबलं की नावं एकाखाली एक उघडायची. ते बघून पप्पा गडबडले. “रूम कुटं गेल्या? पाव्हन्यांना कसं कळायचं आपल्याकडं रूम हायेत म्हनून? न्हाई, हे काढ. दाराला पडदा लावून धंदा व्हत न्हाई.” तीन-तीनच्या दोन सारख्या ओळी करून बघितल्या, म्हणजे दोन्हींचं वजन सारखं. तरी एक ओळ वर होती आणि एक खाली. गच्चीवर बसून मी कागदावर सहा चौकोन काढायची आणि ते फिरवत बसायची. कसेही ठेवले तरी कुणीतरी शेवटी यायचंच. ओळीला दोन टोकं असतात, त्यावर कुठल्याही व्हिडिओत उपाय नव्हता.

काकी एकदा वाळवण गोळा करायला गच्चीवर आली आणि माझ्याजवळ टेकली. तिने कागदाकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं, तिला सांगताना मला मराठी सुचायचं.

“ह्ये जेवन लिवलंय, ते कुणाचं?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“रूम दादांच्या. तंबू ह्यांचा. जेवन कुणाचं, माझं का तुझ्या मम्मीचं?”

“दोघींचं.”

ती पापड एकावर एक रचत राहिली. मग म्हणाली, “मंग ते कुटं जानार?” काकीने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने माझे विस्कटलेले केस कानामागे केले आणि टोपली उचलून खाली गेली. तिला सगळं आधीच ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं. तिला कुणी विचारलेलं नव्हतं, जसं मला कुणी विचारलेलं नव्हतं. एकीच्या हातात पापड होते आणि एकीच्या हातात पेन्सिल, एवढाच फरक.

शेवटी मी पप्पांना म्हणाले की तंबू सगळ्यात आधी घेऊ. असं काही सुचवायची ती माझी पहिलीच वेळ होती. पप्पा अंगणात मोटारसायकल पुसत होते. हातातलं फडकं पिळून त्यांनी ते हँडलवर वाळत घातलं. “घे,” ते म्हणाले. “लहान हाय तो. त्याला म्होरं घे. त्यात काय.” आणि ते मनापासून म्हणाले, असं मला आजही वाटतं. मी गच्चीवर जाऊन तंबूची ओळ उचलून वर ठेवली. होमच्याही आधी तंबू. काकांच्या फोनवर आता खाली शिवार आणि संपर्क उतरणार होते, आणि शिवाराला राग येत नाही.

मी धावतच पाण्याकडे गेले. काकांनी फोन लांब धरून पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर मऊ झाला, ते मी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “ह्ये तू केलंस का दादानं सांगितलं?”

मला खोटं बोलता येत नाही, निदान तेवढ्या घाईत तरी नाही. “मी विचारलं. पप्पा म्हणाले, त्याला पुढे घे.”

“व्हय,” ते म्हणाले. “दादानं सांगितलं म्हनून.” त्यांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला, जसा काही तो माझाच होता. “मंग जसं होतं तसं कर. सांगून मिळालेला मान काय करायचा? उद्या दादा म्हनंल, मीच दिला होता.”

“पण काका, तुम्हाला...”

“तुझं काय चुकलं न्हाई, पोरी. तू लई केलंस. पर बघ, तू कुटंबी बसव, बसवनारा त्योच हाय.”

मागे वर रस्त्यावरून एखादी गाडी गिअर बदलत चढ चढत होती. मी त्यांचा फोन घेऊन उभी. तो परत कसा द्यायचा हेही मला कळेना. शेवटी तो मी त्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला आणि वर आले. पप्पा पायरीवर वाट बघत होते. “काय म्हनला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “पहिल्यासारखं ठेवा म्हणाले.” पप्पांनी उठून हँडलवरचं फडकं काढलं. “मी म्होरं घे म्हनलो तरी?” “हो.” मी गच्चीवर जाऊन तंबू पुन्हा शिवारच्या खाली, होता तिथे ठेवला. दोघं भाऊ आपापल्या जागी खरे होते आणि मी त्या दोघांच्या मध्ये निरोप घेऊन जाणारी. निरोपाच्या आत काय होतं ते मला दिसत होतं. पण ते नीट पोहोचवण्याइतकं बोलणं माझ्याकडे नव्हतं, आणि असतं तरी निरोप तोच राहिला असता.

वेगळं होणं भांडून झालं नाही. भांडण झालं असतं तर भावकीतली चार माणसं मध्ये पडली असती. एका सकाळी काकी उठून खाली गेली आणि तंबूंजवळच्या त्या गॅसवर तिने सकाळचा स्वयंपाक केला. दुपारीही केला. मम्मीने आमच्या चुलीवर नेहमीएवढंच पीठ मळलं होतं. तिने ते परात झाकून ठेवलं आणि संध्याकाळी गाईला घातलं. मग काकी आपली भांडी न्यायला आली. दोघींनी मिळून ती मोजून काढली, ही तुझी, ही माझी, अगदी हसत हसत. एका मोठ्या पातेल्यापाशी दोघी थांबल्या. ते कुणाच्या माहेरचं ते दोघींना आठवेना. मम्मी म्हणाली, “ने तू, तुला पाव्हन्यांना लागंल.” काकी म्हणाली, “तुमालाबी लागंल की.” शेवटी ते न्यायचं राहिलं आणि वापरायचंही राहिलं. मी दारात उभी होते. माझ्याजवळून जाताना काकी थांबली आणि म्हणाली, “येत जा गं खाली. वेणी घालीन.” मी कॉलेजात होते, केस कापलेले होते. मी मान हलवली.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पप्पांनी मला बोलावलं. ते पडवीत बसले होते, फोन समोर धरून. म्हणाले, “ऋतू, तंबू काढ त्यातनं. त्यो आता त्याचं वेगळं करतोय. आपल्या नावावर त्याला फोन नको यायला, बरं दिसत न्हाई.” आवाजात राग नव्हता. असता तर मी म्हटलं असतं की नको, राहू दे. ते काळजीनेच बोलत होते, धाकट्याला अडचण नको म्हणून.

मी लॅपटॉप पडवीतच उघडला. पप्पा शेजारी येऊन बसले. त्यांना ते कसं होतं ते बघायचं होतं. तंबू म्हणजे एक ओळ होती, लहानशी, आधी एक खूण आणि नंतर एक खूण. ती निवडली आणि पुसली. तिच्या खालची ओळ वर सरकली. मग मी सेव्ह केलं आणि पप्पांच्या फोनवर पान पुन्हा उघडून दिलं.

मला वाटलं होतं, मध्ये जागा राहील. दात पडल्यावर राहते तशी, शिवार आणि संपर्क यांच्यामध्ये. पण मी निवडलेली पद्धत शहाणी होती. उरलेली पाच नावं जरा जरा सरकून लांब झाली आणि त्यांच्यामधलं अंतर पुन्हा सारखं झालं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, एका ओळीत. इथे कधी सहावं नाव होतं हे बघणाऱ्याला कळलंच नसतं.

पप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. अंगठा पट्टीवरून हळूहळू फिरवला, रूमपासून संपर्कपर्यंत आणि परत.

“जागा भरली कुणी?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. बाकीचे आपोआप सरकतात.”

“तू सारलं न्हाईस?”

“नाही.”

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा शिवारपासून संपर्कपर्यंत नेला. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “एवढं लौकर?”

मी पुढ्यातला लॅपटॉप मिटला. मिटताना त्याचा आवाज होऊ नये याची मी फार काळजी घेतली.